सूर्य खिशात घालण्याची गोष्ट

सेवानिवृत्त माणूस एकतर भजनी मंडळात जातो, नाहीतर गडावर. माझा आवाज ऐकून भजनी मंडळानेच मला गडाचा रस्ता दाखवला. तेव्हा गेल्या डिसेंबरात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या चौकडीने हरिश्चंद्रगडावर तंबू ठोकून तीन दिवस राहायचं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसलेला, त्यामुळे सौ.ची अट एकच होती : रोज संध्याकाळी सातला फोन.

मी दुकानात जाऊन सूर्यावर चालणारी पॉवर बँक घेतली. दहा हजारची बॅटरी आणि तिच्या पाठीवर तळहाताएवढी काळी काच. "काका, सूर्य आहे तोवर चिंता नाही," दुकानदार म्हणाला. सूर्याला अजून पाचेक अब्ज वर्षं आहेत असं ऐकून होतो. निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन गतप्राण. पॉवर बँक दिवसभर सॅकवर उन्हात होती, हिरवा दिवा लुकलुकत होता, पण आत ठणठणाट! मित्राचा फोन घेतला, तेव्हा खरी पंचाईत कळली. पस्तीस वर्षांच्या संसारात सौ.चा नंबर मला पाठ नव्हता. तो माझ्या फोनला पाठ होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाचनईत उतरून एका घरात फोन चार्जिंगला लावला आणि घरी फोन केला. रात्रभर जागलेली बाई बोलणार काय? "जेवलात का?" एवढंच म्हणाली. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं.

प्रायश्चित्त म्हणून मी या सौरविद्येचा इतिहास वाचून काढला. १८३९ साली फ्रान्समध्ये एदमाँ बेकरेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराला बापाच्या प्रयोगशाळेत उजेडापासून वीज मिळाली. एकोणिसाव्या वर्षी मी बापाच्या खिशातून सुट्टे पैसे मिळवत होतो. १८८३ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ मुलामा देऊन सौरघट केला. पडलेल्या उजेडातला जेमतेम एक टक्का विजेच्या रूपाने हाती लागे. एवढ्या सोन्यावर एक टक्का! आमच्या घरी हा हिशेब मंजूर झाला नसता.

मग १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या त्रिकुटाने सिलिकॉनचा घट दाखवला. सहा टक्के! त्यावर त्यांनी जत्रेतल्यासारखा एक खेळण्यातला पाळणा फिरवला. चार वर्षांनी, १९५८ च्या मार्चमध्ये, पपनसाएवढा व्हॅन्गार्ड उपग्रह आकाशात गेला. त्यात दोन प्रक्षेपक होते. साध्या बॅटरीवरचा जूनमध्येच गप्प झाला. सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. पण तिकडे ना ढग, ना झाडं, ना माझ्यासारखा सावलीतून चालणारा माणूस.

आता घट वीस टक्क्यांच्या आसपास पोचले आहेत. तरी हिशेब चुकत नाही. दहा हजारची बॅटरी म्हणजे साधारण सदतीस वॉट-तास. तळहाताएवढी काच भर उन्हात फार तर दीड वॉट देणार. म्हणजे कडक उन्हाचे पंचवीस तास. रोजचे पाच धरले तर पाच दिवस, तेही मधली गळती न धरता. माझी सहल तीन दिवसांची! अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, मी रुमालावर पाय पसरले होते.

दुसरी गोम अशी की काचेला ऊन हवं आणि बॅटरीला सावली. उन्हात तापून बॅटरीचं आयुष्य घटतं. दोघींना एका डबीत कोंडणं म्हणजे सासूसुनेला एका पलंगावर झोपवणं.

म्हणून या वेळी मी वेगवेगळं घेतलं : घडीचं वीस वॉटचं पॅनेल आणि साधी पॉवर बँक. वीसचे प्रत्यक्षात बारा मिळाले तरी तीन तासांत काम होतं. मात्र ते सॅकवर लोंबकळत न ठेवता मुक्कामी उन्हाकडे तोंड करून पसरायचं, कोपऱ्यावरही सावली पडू द्यायची नाही, फोन त्याला थेट जोडायचा नाही. ढग आला की वीज तुटते, म्हणून दिवसा पॉवर बँक भरायची आणि रात्री तिच्यावर फोन.

सध्या गॅलरीत तालीम चालू आहे. पॅनेल पसरलं की सौ. शेजारी पापड घालते आणि पापडाची सावली पॅनेलवर पडली की मी ओरडतो. परवा तीच म्हणाली, "अहो, ती बँक उन्हात राहिलीय, आत घ्या."

पुढल्या महिन्यात पुन्हा हरिश्चंद्रगड. तयारी जय्यत आहे. आणि हो, सौ.चा नंबर पाठ केला आहे. त्याला ऊन लागत नाही.