थेंब पडतो तिथे गळती नसते

जालना म्हटलं की बाहेरच्यांना सळई आणि बियाणं आठवतं. दोन्ही इथून ट्रकने जातात, म्हणून आमच्याकडे ट्रकचं इंजिन हा रोजच्या गप्पांचा विषय आहे. आणि त्यातला न संपणारा वाद म्हणजे, तेल नेमकं कुठून गळतंय?

१९५४ साली टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ला करार संपला, ट्रकच्या तोंडावरचा तारा गेला. इंजिनातला एक जुना पेच मात्र राहिला. क्रँकशाफ्टचं मागचं टोक फ्लायव्हीलला जोडायला बाहेर काढावंच लागतं. म्हणजे तेलाच्या पेटीला भोक पाडायचं, त्यातून मिनिटाला दोनेक हजार फेरे घेणारा दांडा काढायचा आणि तेल आतच ठेवायचं. आधी यासाठी दोरीसारखं पॅकिंग किंवा शाफ्टवर तेल मागे ढकलणारे आटे असत. १९३०च्या दशकात जर्मनीत स्प्रिंगवालं सील रुळलं, आधी चामड्याचं, मग कृत्रिम रबराचं. तेच आपलं ‘ऑइल सील’.

म्हणून मागून थेंब पडला की पहिला संशय सीलवर. पण ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. गाडी उभी राहते, हप्ता थांबत नाही. निदान चुकलं तर हे सगळं फुकट.

एका गॅरेजवर ऐकलेला संवाद :

“मिस्त्री, सीलच गेलंय. टाका बदलून.”

“आधी धुऊन आण. धुतल्याबिगर मी हात लावत नसतो.”

या हट्टामागे पक्का तर्क आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग वर फुटतं, तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळतं, फॅनचा वारा त्याला आणखी मागे ढकलतो आणि थेंब पडतो थेट हाउसिंगखाली. म्हणून थंड इंजिन धुवायचं, वाळवायचं, संशयाच्या जागी पावडर मारायची, गाडी चालवायची आणि वरून खाली बघत यायचं. सगळ्यात वरचा ओला डाग खरा. बोटावर घेऊन वासही बघायचा : डिझेल पातळ आणि उग्र, कूलंट रंगीत, इंजिन ऑइल काळं.

समजा, सीलच गळतंय. तरी मिस्त्री एक प्रश्न विचारतो : का? रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडायला हवा. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियाने धुरक्यामुळे नव्या मोटारींमध्ये हा वायू परत इंजिनातच जाळायला लावला; आपल्या जुन्या ट्रकांत नळीचं तोंड सरळ रस्त्याकडे असायचं. ती चिखलाने किंवा मळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. मग नवं सीलही गळतं. परीक्षा बिनखर्चाची आहे : चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडून उलटं ठेवा. ते उड्या मारायला लागलं, तर आधी ब्रीदर बघा, मग रिंगा.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळतो, तिथे चूक असतेच असं नाही. ती बऱ्याचदा कितीतरी आधी घडून गेलेली असते. आम्हाला निदान लॉग वाचता येतो. मिस्त्रीचा लॉग म्हणजे तेलाचा ओघळ, आणि तो वाचण्याची रीत उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडीच गेली.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं. आता स्कॅनर लावला की एरर कोड दिसतो. पण कुठलं पॅकिंग ओलं आहे, हे त्या कोडमध्ये नसतं. त्यासाठी अजूनही इंजिन धुवावंच लागतं.