आजीचा साचा आणि चौथीचं यमक

परवा गावच्या घरी माळा आवरताना आजीचं जातं सापडलं. खुंटा कुणी काढून नेला देव जाणे. भावंडांना आठवत असेल, पहाटे त्या घरघरीतच आपल्याला जाग यायची.

आजी अंगठेबहाद्दर. तरी ओव्या रचायची, तेही यमक जुळवून. तिला हे शिकवलं कुणी? उत्तर सोपं आहे, साच्याने. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला. अर्धी ओळ तयार, उरलेली आपण भरायची. समोर बसून खुंटा धरणारी पोर आधी चाल उचलते, मग शब्द, आणि एक दिवस स्वतःची ओळ जोडते. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं.

शाळेने मात्र वेगळी वाट धरली. परशुरामतात्या गोडबोल्यांचं 'नवनीत' १८५४ सालचं. जुन्या कवींचे वेचे त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती आले, हे उपकार मोठेच. पण तेव्हापासून आमच्या पिढीपर्यंत कविता म्हणजे पाठ करायची गोष्ट. "तू एक कर बघू" असं मला तरी कुठल्या गुरुजींनी सांगितलं नाही.

म्हणून बीड जिल्ह्यात चौथीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा ठरवलं, मुलांकडून गाणी करून घ्यायची. फळ्यावर नमुन्याची दोन कडवी लिहिली, टाळ्यांवर म्हणून घेतली आणि म्हटलं, आता तुमचं लिहा. एकाने लगेच वही आणली:

मांजर आले, दूध प्याले,
उंदीर पाहून पळून गेले.

"अरे, मांजर उंदराला कशाला भिईल?"
"गुरुजी, यमक जुळवायचं होतं ना!"

हसू आलं, पण चूक माझीच होती. पुढे केनेथ कोक या अमेरिकी कवीबद्दल वाचलं. १९६८ पासून तो न्यूयॉर्कच्या एका प्राथमिक शाळेत मुलांना कविता करायला शिकवत होता. त्याने मुलांना चक्क सांगितलं होतं, यमक नको. यमकाच्या मागे लागून मुलं मनातलं सोडून देतात, असं त्याचं म्हणणं. त्याऐवजी तो प्रत्येक ओळीची सुरुवात ठरवून द्यायचा.

मराठीत दुखणं थोडं निराळं आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आला-गेला, येते-जाते अशी यमकं फुकटात मिळतात. इतकी सोपी, की सांगायला काही नसलं तरी गाणं तयार!

तेव्हा मला आजी आठवली. तिचा साचाही सुरुवातच ठरवून देतो, पण आधी विचारतो, ओवी कुणाला? यमक नंतर. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहिलं: 'पहिली ओवी ......ला'. कुणी बैलाला लिहिली, कुणी एस.टी.च्या कंडक्टरला. दिवाळी होऊन गेली होती, निम्म्या घरांना कुलपं. मागे बसणाऱ्या एका मुलीने वही पुढे केली:

तिसरी ओवी बापाला, बाप गेला तोडीला,
आई गेली संगती, आजी माझ्या जोडीला.

मी काहीच बोललो नाही. वर्गाने चाल लावून दोनदा म्हटली. तिने वही परत घेतली आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

असो. पुण्यात गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आपल्या घरातल्या मात्र कुणी टिपल्या नाहीत. मला जेमतेम चार आठवतात, त्यातलीही एक अर्धीच. आत्या, काकू, तुम्हाला आठवतील तशा कळवा. यमक चुकलं तरी चालेल, फक्त ओवी कुणाला होती तेवढं नक्की लिहा.