रुळावरच्या सशाची कुळकथा

ग्रेहाउंडच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणारा प्राणी खरा नसतो. मैदानाच्या कडेने एक रूळ टाकलेला असतो. त्यावरून छोटी गाडी सुटते आणि तिच्या दांड्याला कापडाचा किंवा केसाळ ससा बांधलेला असतो. उंचावरच्या खोलीत बसलेला माणूस गाडीचा वेग असा राखतो, की ससा कुत्र्यांच्या नजरेसमोर राहावा पण तोंडात सापडू नये. ब्रिटनमध्ये बहुधा सहा कुत्री धावतात, ताशी साठ किलोमीटरच्या आसपास, आणि अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. हा खोटा ससा आला तेव्हा त्याची मोठी शिफारस हीच होती, की आता खऱ्या सशांचा जीव जाणार नाही. ते वचन त्याने बऱ्याच अंशी पाळलंही. कुत्र्यांच्या वाट्याला मात्र वेगळंच काही आलं.

कुळाचा मूळ पुरुष म्हणजे खरा ससा आणि त्याच्यामागे सोडलेली दोन कुत्री. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणाऱ्या अ‍ॅरियनने दुसऱ्या शतकात या खेळावर पुस्तक लिहिलं. खरा शौकीन ससा मारायला जात नाही, चुरस बघायला जातो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडमध्ये याला ‘कोर्सिंग’ म्हणत. पहिल्या एलिझाबेथच्या काळात त्याचे नियम बांधले गेले, १७७६ मध्ये नॉरफोकमधल्या स्वॉफम गावी लॉर्ड ऑर्फर्डने मंडळ काढलं आणि १८३६ पासून लिव्हरपूलजवळच्या ऑल्टकार इथे ‘वॉटर्लू कप’ सुरू झाला.

ससा उठला की त्याला आधी थोडं पुढे जाऊ देत, मग एक माणूस जोडीतली दोन्ही कुत्री एकदम सोडी. घोड्यावरचा पंच गुण मोजी: सशापर्यंत आधी कोण पोहोचलं, त्याला कुणी वळायला लावलं, कुणी दुसऱ्या कुत्र्याला मागे टाकलं. ससा मारल्याशिवाय जिंकता येत नाही, असा नियम नव्हता. पण दोन कुत्र्यांच्या मध्ये सापडलेल्या सशाला पंचाचे गुण वाचवू शकत नव्हते.

सशाच्या जागी यंत्र ठेवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १८७६ मध्ये लंडनजवळ हेंडनला झाला. सुमारे चारशे यार्डांच्या सरळ रुळावरून खोटा ससा राहाटाने ओढला गेला. लोकांनी बघितलं आणि विसरून गेले. सरळ रस्त्यावर जास्त वेगवान तोच जिंकणार. सशाची हुलकावणी नाही, कुत्र्याची अक्कल नाही, मग बघायचं काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथने हाच धागा पुन्हा उचलला. कोर्सिंगमध्ये मरणारे ससे त्याला बघवत नव्हते, असं त्याच्याविषयी सांगतात. पण तो धंद्याचाही माणूस होता. मोकळ्या रानातल्या खेळाला तिकीट लावता येत नाही आणि ससा ठरल्या वेळी उठत नाही. स्मिथने ससा विजेवर चालवला आणि रूळ गोल फिरवला. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्याचं मैदान उघडलं. आता प्रेक्षकाला जागेवरून न उठता सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसत होते, शिवाय एका संध्याकाळी कितीतरी शर्यती घेता येत होत्या.

चार्ल्स मन या अमेरिकन माणसाने हे यंत्र इंग्लंडला नेलं. ब्रिगेडियर जनरल क्रिचली यांच्यासारखे भागीदार मिळाले आणि २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर पहिली शर्यत झाली. त्या दिवशी सतराशेच्या आसपास लोक आले होते. पुढे गर्दी वाढतच गेली. घोड्यांच्या शर्यती दुपारी आणि गावाबाहेर होत, त्यामुळे गिरणीतल्या कामगाराला तिथे जाणं परवडत नसे. ही शर्यत त्याच्या वस्तीपाशी, सुट्टी झाल्यावर, दिव्यांच्या उजेडात होती आणि तिथे पैज लावता येत होती. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ग्रेहाउंडांची डर्बी जिंकणारा ‘मिक द मिलर’ हा कुत्रा सिनेनटासारखा प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या शर्यतीचं वजन पुढे इतकं वाढलं, की १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकातला उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बलीऐवजी व्हाइट सिटी मैदानावर खेळवावा लागला. वेम्बलीच्या मालकाने त्या संध्याकाळच्या शर्यती रद्द करायला नकार दिला होता.

ससा यंत्राचा झाल्याने नेमकं काय बदललं, ते वळणावर कळतं. रानात ससा वळे, तेव्हा कुत्रा त्याची चाल ओळखून आपला वेग आवरे. मैदानावर ससा हुलकावणी देत नाही, नुसता रुळाबरोबर वळतो. त्याचा वेग कमी होत नाही, म्हणून कुत्र्यांचाही होत नाही. रानात दोन कुत्री असत, इथे सहा कुत्री एकाच आमिषाकडे, एकाच आतल्या कडेला झेपावतात. पहिल्याच वळणावर धडका बसतात. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने होत असल्याने मागच्या उजव्या पायावर बाहेरच्या बाजूचा ताण येतो आणि त्याच पायाच्या घोट्याची हाडं मोडण्याचं प्रमाण मोठं आहे. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अभियंत्यांनी यावर उपाय सुचवले: मैदान सरळ करा, कुत्री तिथल्या आठाऐवजी सहा ठेवा, आमिषाचा दांडा लांब करा. म्हणजे जवळजवळ हेंडनच्या सरळ रुळाकडेच परत फिरा.

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही. रानातल्या सशाला हंगाम असतो, यंत्राच्या सशाला तो नसतो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांना परवानगी मिळाली, मैदानावरची गर्दी ओसरली, पण शर्यती दुकानांसाठी दिवसाढवळ्या चालूच राहिल्या. रोज शर्यत हवी तर रोज ताजी कुत्री हवीत. ग्रेहाउंड साधारण दीड वर्षाचा असताना धावायला लागतो आणि चार-पाच वर्षांचा झाला की निवृत्त होतो. आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचं. उरलेल्या वर्षांचा खर्च कोणी करायचा? चांगले मालक करतात, दत्तक देणाऱ्या संस्था जिवापाड राबतात. तरीही ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समध्ये माजी न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांच्या चौकशीने २०१६ मध्ये जो अंदाज मांडला, तो असा: बारा वर्षांत ४८ ते ६८ हजार कुत्री केवळ पुरेशी वेगवान नव्हती म्हणून मारली गेली.

त्या चौकशीला कारण ठरला २०१५ मधला ‘फोर कॉर्नर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा गौप्यस्फोट. काही प्रशिक्षक जिवंत ससे, पॉसम आणि डुकराची पिल्लं त्याच आमिषाच्या दांड्याला बांधून कुत्र्यांपुढे फिरवत होते. रक्ताची चव लागली की खोट्यामागेही कुत्रा जिवाच्या आकांताने धावतो, ही त्यामागची समजूत. खऱ्या सशाला सोडवायला आणलेल्या यंत्रालाच खरा प्राणी जखडला गेला, तोही पंच आणि प्रेक्षक नसलेल्या ठिकाणी. रानातल्या सशाला निसटण्याची संधी तरी होती, या जनावरांना तीही नव्हती.

शर्यतीचे समर्थक म्हणतात, ग्रेहाउंडला धावायला आवडतं. ते खरंच आहे. पण धावण्याच्या आवडीसाठी पैजेची गरज नसते, वळणाचीही नसते. न्यू साऊथ वेल्सच्या सरकारने २०१६ च्या जुलैत बंदी जाहीर केली आणि दबावाखाली ऑक्टोबरमध्ये मागे घेतली. फ्लोरिडातल्या मतदारांनी २०१८ मध्ये सुमारे ६९ टक्के मतांनी सट्ट्याच्या शर्यती संपवण्याचा कौल दिला. न्यूझीलंडने २०२४ च्या डिसेंबरात आणि वेल्सने २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. खऱ्या सशामागे कुत्री सोडण्याला इंग्लंडमध्ये २००५ मध्येच कायद्याने आळा घातला होता.

मैदान सरळ केलं तर घोटे कमी मोडतील, आणि ते करायलाच हवं. पण सहांच्या शर्यतीत पाच हरणारच. पैजेच्या धंद्याला त्या पाचांच्या जागी लवकरच नवी कुत्री लागणार, हा हिशोब रूळ कसाही टाकला तरी बदलत नाही. स्मिथच्या यंत्राने मरण प्रेक्षकांच्या नजरेआड नेलं, म्हणून ते यंत्र शंभर वर्षं चाललं. आताचे कायदे मैदानाबरोबर कुत्र्याच्या उरलेल्या आठ वर्षांकडेही बघू लागले आहेत.