सडपातळ विद्यार्थी, गोड रक्त? ग्लायसेमिक निर्देशांक आणि विद्यापीठातील दिनचर्या

परदेशी विद्यापीठात दाखल झालेला मराठी विद्यार्थी आपल्या ताटाचा निर्णय बहुधा प्रथमच स्वतः घेऊ लागतो. सकाळी घाईत कॉर्नफ्लेक्स, दुपारी पांढऱ्या ब्रेडचे सँडविच आणि रात्री उशिरा भात व बटाट्याची भाजी, असा अनेकांचा क्रम ठरून जातो. अशा आहाराचा रक्तातील साखरेवर होणारा परिणाम जोखण्याचे एक साधन म्हणजे ग्लायसेमिक निर्देशांक.

निर्देशांक म्हणजे काय?

टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही संकल्पना मांडली. पचणारी ५० ग्रॅम कर्बोदके असलेला पदार्थ खाल्ल्यावर पुढील दोन तासांत रक्तातील ग्लुकोज किती वाढते, हे मोजून त्याची शुद्ध ग्लुकोजशी तुलना केली जाते. ग्लुकोजचा निर्देशांक १०० मानतात. ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० वा अधिक म्हणजे उच्च. २००८ च्या आंतरराष्ट्रीय सारणीत सरासरीने कॉर्नफ्लेक्स ८१, पांढरा ब्रेड ७५ आणि पांढरा भात ७३ आहे. उलट मसूर ३२, छोले २८ व राजमा २४. तांदळाची जात आणि शिजवण्याची पद्धत यांनुसार भाताचा आकडा बराच बदलतो.

आकड्याची मर्यादा

निर्देशांक प्रमाण सांगत नाही. त्यासाठी ‘ग्लायसेमिक भार’ पाहतात : निर्देशांकाला खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमांनी गुणून १०० ने भागायचे. दहापर्यंतचा भार कमी, वीस वा अधिक उच्च. त्याच सारणीत कलिंगडाचा निर्देशांक ७६ असला, तरी त्यात पाणीच अधिक असल्याने एका फोडीचा भार अल्प असतो. भाताचे मोठे ताट मात्र वीसचा आकडा सहज ओलांडते.

झोप आणि हालचाल

साखरेचे गणित केवळ ताटात सुटत नाही. शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले असता त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घटली. हे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परीक्षेच्या काळातील जागरण म्हणूनच निरुपद्रवी नाही. जेवणानंतरचे थोडे चालणे मात्र साखरेची उसळी कमी करते, कारण स्नायू ग्लुकोज वापरू लागतात.

आपल्यासाठी हे अधिक महत्त्वाचे का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची लंडनच्या जॉन युडकिन यांच्याशी तुलना मांडली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय वंशाची सडपातळ व्यक्तीही मधुमेहाच्या धोक्यापासून मुक्त नसते, हा त्याचा मथितार्थ. ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे दक्षिण आशियाई प्रौढांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच वाढता धोका मानतात, ते याचमुळे.

व्यवहारात

भात सोडण्याची गरज नाही. त्याचे प्रमाण निम्मे करून वरण, उसळ, दही व कोशिंबीर वाढवावी. प्रथिने व तंतूंमुळे साखर संथपणे वाढते. न्याहारीला पोळी-उसळ किंवा जाड ओट्स घ्यावेत. घरात मधुमेहाचा इतिहास असल्यास वजनाकडे न पाहता वैद्यकीय सल्ल्याने रक्ततपासणी करावी. दूरध्वनीवर ‘जेवलास का?’ असे विचारणाऱ्या पालकांनी ‘काय जेवलास, आणि झोपलास किती?’ हेही विचारावे.