उल्लेखांची मोजदाद

विद्वानाची योग्यता कशानें मोजावी हा प्रश्न जुना आहे. त्याचें उत्तर आंकड्यांत देण्याची हौस मात्र नवी आहे. एखाद्या शास्त्रीय निबंधाचा उल्लेख पुढील लेखकांनीं किती ठिकाणीं केला हें दाखविणाऱ्या सूचीची कल्पना अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं मांडली, व १९६४ पासून अशी सूचि नियमितपणें निघूं लागली. एका निबंधावरून दुसऱ्याचा माग काढतां यावा हा तिचा मूळ हेतु. पुढें तिच्यावरून माणसांचीच किंमत ठरूं लागली. आमच्या परभणीसारख्या ठिकाणींही तरुण अध्यापक एकमेकांना प्रथम हाच आंकडा विचारतात. म्हणून जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी यांना या तराजूंत घालून पाहावें असें आम्हांस वाटलें.

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या भगिनी. १९११ सालीं त्यांचा जन्म झाला. १९३३ मध्यें मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनीं, केवळ स्त्री म्हणून, तो नाकारला. बाईंनीं हट्ट सोडला नाहीं. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. तेथें श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ सालीं त्या एम्. एस्सी. झाल्या.

पुढें केंब्रिज येथें, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागांत, त्यांना कार्यक्षेत्र लाभलें. बटाट्यावर काम करीत असतां वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हें श्वसनास आवश्यक असें द्रव्य असल्याचें त्यांनीं दाखविलें. १९३९ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता.

सायटोक्रोमचा इतिहास हाच मुळीं उल्लेखाच्या नीतीचा एक धडा आहे. १८८० नंतरच्या दशकांत मॅकमन नांवाच्या एका वैद्यानें हीं रंगद्रव्यें प्रथम पाहिलीं. हॉप-सायलर या वजनदार जर्मन पंडितानें त्याचें म्हणणें खोडून काढलें, व तें विस्मृतींत गेलें. १९२५ सालीं डेव्हिड कायलिन यांना केंब्रिज येथेंच तीं पुन्हां आढळलीं, तेव्हां त्यांनीं मॅकमनचें श्रेय मोकळेपणानें मान्य केलें. त्या मधल्या काळांत कोणी उल्लेखांची गणना केली असती, तर मॅकमनच्या वांट्यास काय आलें असतें? आणि म्हणून त्यानें पाहिलेलें खोटें ठरलें असतें काय?

कमलाबाईंच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे, ती नांवाची. रॉबिन हिल यांच्याबरोबरचें १९३९ चें टिपण 'भागवत' या नांवानें आहे. १९४७ सालीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. पण हिल यांच्याबरोबरचा १९५१ चा निबंधही माहेरच्याच नांवानें निघाला. १९५४ च्या सुमाराचे, भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-रोधकांवरचे निबंध मात्र 'सोहोनी' या नांवानें आहेत. एकच नांव घेऊन सूचि चाळणारास अर्धें आयुष्य दिसेल, अर्धें निसटेल. पुरुषाच्या वांट्यास ही कसर सहसा येत नाहीं.

ट्रिप्सिन हा अन्नांतील प्रथिनें पचविणारा रस. कच्च्या कडधान्यांतील कांहीं द्रव्यें त्यास अडवितात, आणि शिजविल्यानें त्यांचा जोर बहुतांशीं जातो. तुरीचें वरण घोटून शिजविणाऱ्या आमच्या आजीला हें शास्त्र ठाऊक नव्हतें. व्यवहार ठाऊक होता. पुढें ग्रीन व रायन यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, असले रोधक हे किडीविरुद्ध वनस्पतीचें शस्त्रच होय. त्याच वर्षीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. शेंगा पोखरणाऱ्या अळीनें गांजलेल्या आमच्या तूर-हरभऱ्याच्या मुलखास हा विषय परका नाहीं.

मुंबईच्या विज्ञान संस्थेंत कमलाबाईंनीं नीरेवरही काम केलें. तींतील जीवनसत्त्वें व लोह आदिवासी भागांतील कुपोषित मुलांस व गरोदर स्त्रियांस उपयोगी पडतात असें त्यांस दिसलें. त्याबद्दल राष्ट्रपतींचें पारितोषिकही मिळालें. परंतु ज्या मुलाच्या अंगीं त्यायोगें रक्त भरलें, तें मूल निबंध लिहीत नाहीं. त्याचा उल्लेख कोणत्या सूचींत यावा?

उलट, जगांत सर्वांत अधिक उल्लेखिलेला निबंध म्हणजे लाउरी व त्यांचे सहकारी यांचा १९५१ चा. त्यांत प्रथिनें मोजण्याची एक सोयीची रीत सांगितली आहे. तो निबंध थोर नव्हे, हें स्वतः लाउरीही मान्य करीत. रीत उपयुक्त खरी. पण उपयुक्तता आणि थोरवी एक नव्हेत.

तर मग सूचि फेंकून द्यावी काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. आपल्याकडे ऋषिऋण मानलें आहे. ज्याच्याकडून ज्ञान घेतलें त्याचें नांव घेणें हा तें फेडण्याचा एक मार्ग आहे. उल्लेख ही त्या ऋणाची पावती होय. पावत्या जपून ठेवाव्या. परंतु ज्यांची पावती कोणी फाडलीच नाहीं, त्यांचें देणें फिटलें असें समजूं नये. कमलाबाई १९९८ सालीं निवर्तल्या. त्यांचें आमच्याकडील देणें अद्याप बाकी आहे.