पिकअप वाहनावरील एअर हॉर्न

पिकअप वाहनावरील एअर हॉर्न (वायुभोंगा; बोलीभाषेत 'प्रेशर हॉर्न') म्हणजे दाबाखालील हवेने पडदा कंपित करून मोठा आवाज काढणारी, वाहनात मागाहून बसविली जाणारी यंत्रणा होय. मोठ्या मालमोटारींत हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असल्याने दाबयुक्त हवेची टाकी मुळातच असते. पिकअप प्रकारच्या हलक्या वाहनांत ब्रेक द्रवदाबावर चालतात, त्यामुळे हवा पुरविण्यासाठी स्वतंत्र कॉम्प्रेसर व त्याची विद्युतजोडणी करावी लागते. चुकीच्या जोडणीमुळे वायरिंग जळण्याचा धोका असतो. भारतात अशा भोंग्यावर कायद्याची मर्यादाही आहे.

कार्यतत्त्व

भोंग्याच्या डबीत धातूचा वा प्लास्टिकचा पातळ पडदा नळीच्या तोंडावर दाबून बसविलेला असतो. हवा आत शिरताच पडदा उचलला जातो, हवा कर्ण्यात निसटते, दाब उतरतो व पडदा पुन्हा मिटतो. ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडून स्वर निर्माण होतो. कर्णा लांब असल्यास स्वर खर्जाचा व आखूड असल्यास तीव्र असतो. म्हणूनच जोडभोंग्यांतील दोन कर्णे लहानमोठे असतात. मूळ विद्युत हॉर्नमध्ये हेच कंपन विद्युतचुंबकाने घडविले जाते, त्याला हवेची गरज नसते.

प्रकार

बिनटाकीचा संच: यात लहान कॉम्प्रेसर थेट कर्ण्याला हवा देतो. बटण दाबले की कॉम्प्रेसर सुरू होतो. जागा कमी लागत असल्याने पिकअपसाठी हाच प्रकार अधिक वापरला जातो.

टाकीचा संच: यात कॉम्प्रेसर टाकीत साधारणतः ६ ते ८ बार दाबाने हवा साठवतो. दाब पुरेसा झाला की दाब-स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. हॉर्नचे बटण केवळ विद्युत झडप (सोलेनॉइड व्हॉल्व्ह) उघडते. या संचाला सुरक्षा झडप, हवा उलट जाऊ न देणारी एकदिशा झडप व साचलेले पाणी काढण्याची तोटी आवश्यक असते.

विद्युतजोडणी

महिंद्रा बोलेरो पिकअपसारख्या वाहनांत १२ व्होल्टची बॅटरी असते, तर अवजड मालमोटारींत बहुधा २४ व्होल्टची. मालमोटारीसाठीचा २४ व्होल्टचा कॉम्प्रेसर पिकअपमध्ये क्षीण चालतो. उलट १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर २४ व्होल्टवर जळतो. त्यामुळे संच घेतानाच व्होल्टता पाहणे आवश्यक ठरते.

बिनटाकीचा कॉम्प्रेसर सुमारे १५ ते २० अँपिअर प्रवाह घेतो. वाहनाच्या मूळ हॉर्नला याहून बराच कमी प्रवाह लागतो व त्याच्या तारा, फ्यूज आणि बटण त्या मानानेच बनविलेले असतात. मूळ हॉर्नच्या तारांवर कॉम्प्रेसर थेट जोडल्यास फ्यूज उडतो. फ्यूज मोठा टाकून हा प्रश्न 'सोडविला', तर तार तापून तिचे वेष्टन वितळते. यावरील योग्य उपाय म्हणजे रिले. रिलेच्या गुंडाळीला अँपिअरचा अल्प अंशच लागतो. तेवढा प्रवाह हॉर्नच्या बटणातून जातो आणि मोठा प्रवाह बॅटरीपासून रिलेमार्गे थेट कॉम्प्रेसरकडे जातो.

रिलेच्या टोकांना ठरावीक क्रमांक असतात:

३० – बॅटरीच्या धन टोकाकडून फ्यूजमार्गे येणारी तार
८७ – कॉम्प्रेसरच्या धन टोकाकडे जाणारी तार
८५ व ८६ – रिलेच्या गुंडाळीची दोन टोके

मूळ हॉर्नच्या तारेत बटण दाबल्यावर धन प्रवाह येत असेल, तर ती ८६ ला जोडून ८५ वाहनाच्या सांगाड्याला (बॉडी अर्थ) जोडतात. काही वाहनांत बटण ऋण बाजू जोडते. तेथे ८६ ला फ्यूजमार्गे धन पुरवठा देऊन बटणाची तार ८५ ला जोडतात. वाहन कोणत्या प्रकारचे आहे हे टेस्ट लॅम्प वा मल्टिमीटरने आधी तपासतात.

टाकीच्या संचात दोन रिले वापरतात. पहिला दाब-स्विचच्या आदेशाने कॉम्प्रेसर चालवितो व त्याच्या गुंडाळीचा पुरवठा इग्निशन स्विचमधून घेतात, जेणेकरून हवा गळत असली तरी उभ्या वाहनाची बॅटरी रात्रभरात उतरत नाही. दुसरा रिले हॉर्नच्या बटणावरून विद्युत झडप उघडतो.

तारेची जाडी: तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, ३ मीटर लांब तारेतून १८ अँपिअर प्रवाह गेल्यास सुमारे ०.९ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच ऱ्हास ०.४ व्होल्टहून कमी असतो. बारीक तारेमुळे भोंगा बसका वाजतो आणि तार तापते.

फ्यूजची जागा: फ्यूज बॅटरीच्या टोकाशी शक्य तितका जवळ असावा लागतो. फ्यूज भोंग्यापेक्षा तारेचे रक्षण करतो. तो कॉम्प्रेसरजवळ बसविल्यास बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार असंरक्षित राहते व ती पत्र्यावर घासून उघडी पडल्यास आग लागू शकते.

बसविण्याचा क्रम

१. बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवितात.
२. कॉम्प्रेसरसाठी सायलेन्सरच्या नळीपासून दूर, चाकाचे पाणी व चिखल उडणार नाही अशी जागा निवडतात.
३. कर्णे पुढे तोंड करून, किंचित खाली कललेले बसवितात, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. रेडिएटरची हवा अडू नये याची काळजी घेतात.
४. कॉम्प्रेसर व कर्णे यांमधील नळी आखूड आणि घडी न पडलेली ठेवतात.
५. सांगाड्याशी जोडणी करताना रंग व गंज खरवडून उघड्या धातूवर लग घट्ट बसवितात.
६. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या तारांना रबरी कडे व संरक्षक नळी घालतात.
७. सर्व जोडण्या तपासून ऋण टोक शेवटी जोडतात आणि मूळ हॉर्न चालू असल्याची खात्री करतात.

नेहमीचे दोष

रिलेचा 'टक्' आवाज येऊनही भोंगा वाजत नसल्यास मुख्य फ्यूज, ८७ क्रमांकाची तार किंवा कॉम्प्रेसरची अर्थ जोडणी सदोष असते. 'टक्' आवाजच येत नसल्यास बटणाकडील बाजू तपासतात. कॉम्प्रेसर फिरतो पण स्वर उमटत नाही, अशा वेळी नळी निसटलेली किंवा डबीत धूळ-पाणी शिरलेले असते. लहान कॉम्प्रेसर सलग वाजविण्यासाठी बनविलेला नसतो. तो काही क्षणांपुरताच चालविणे अपेक्षित असते.

कायदेशीर स्थिती

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार, एकापाठोपाठ वेगवेगळे स्वर काढणारा हॉर्न किंवा अवाजवी कर्कश, तीव्र, मोठा वा भीतिदायक आवाज करणारे साधन वाहनावर बसविण्यास मनाई आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन यांसारख्या वाहनांना यातून सूट आहे. त्यामुळे सुरावटी वाजविणारे 'म्युझिकल हॉर्न' पिकअपवर बसविणे बेकायदेशीर ठरते. एकस्वरी एअर हॉर्नही कर्कश ठरल्यास कारवाईस पात्र असतो. एखादी वस्तू बाजारात खुलेपणाने मिळते, यावरून तिचा रस्त्यावरील वापर वैध ठरत नाही.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिविषयक मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-फ नुसार विनाकारण वा सतत हॉर्न वाजविण्यास प्रथम १,००० व पुढे २,००० रुपये दंड आहे. शांतता क्षेत्रात, तसेच निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजविण्यास ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये बंदी आहे.

आवाजाची तीव्रता व परिणाम

संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक २८ नुसार वाहनावर बसविलेल्या हॉर्नचा आवाज ७ मीटर अंतरावर ११२ डेसिबलहून अधिक असू नये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो व अंतर निम्मे झाल्यास तेवढाच वाढतो. म्हणजे कमाल मर्यादेतील हॉर्नही साडेतीन मीटरवरील पादचाऱ्याच्या वा सायकलस्वाराच्या कानी ११८ डेसिबलने आदळतो. अशा आवाजाने दचकून दुचाकीस्वाराचा तोल जाऊ शकतो, तर वारंवार संपर्काने श्रवणशक्ती कायमची घटू शकते.

बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ

बुलढाणा जिल्ह्याचे १३ तालुके बोलीत 'घाटावर' व 'घाटाखाली' असे विभागले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे घाटाखाली येतात. भाजीपाला, धान्य व कापूस यांची या दोन भागांतील वाहतूक पिकअप वाहने करतात. बुलढाणा ते मोताळा मार्गावरील राजूर घाटासारख्या वळणांवर समोरचे वाहन दिसत नसल्याने हॉर्न ही खरी गरज असते. तेथे सुस्थितीतील मूळ हॉर्न, वळणाआधी एकदाच दिलेला इशारा व कमी वेग यांनी हे काम साधते.

बुलढाणा ते खामगाव हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक भटकंती करून २०१९ मध्ये येथे पोहोचला होता. अशा वनक्षेत्रात कर्कश भोंगा वन्यप्राण्यांना त्रासदायक ठरतो. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केला जातो. अशा गजबजलेल्या गावठाणांतून जाणाऱ्या चालकावरही हेच बंधन असते.

मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र (फिटनेस) आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. या तपासणीत हॉर्न पाहिला जातो. मूळ हॉर्न काढून टाकलेला वा बंद असल्यास वाहन अपात्र ठरू शकते. यासाठी एअर हॉर्न बसविताना मूळ हॉर्नची जोडणी न तोडणे आणि संच पूर्णतः काढता येईल अशी स्वतंत्र वायरिंग ठेवणे इष्ट मानले जाते.

हे सुद्धा पहा

ध्वनिप्रदूषण
रिले
बुलढाणा जिल्हा
ज्ञानगंगा अभयारण्य