ढगांच्या पट्ट्यामागून

हवामानशास्त्राकडे वळलेल्या प्रत्येकाने सुरुवात १९८० सालच्या एका शोधनिबंधाने करावी, असे मी सुचवेन. तो लिहिणारे डी. आर. सिक्का पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले, तर सुलोचना गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या. सिक्कांची नजर हवामानाच्या नकाशांवर मुरलेली, गाडगीळांची बैठक गणिताची. उपग्रहांनी टिपलेले रोजचे ढग दोघांनी ओळीने लावून पाहिले. विषुववृत्तालगतच्या समुद्रावरचा ढगांचा पट्टा पावसाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उत्तरेकडे, जमिनीवर सरकतो, असे त्यांना आढळले. मोसमी पाऊस म्हणजे खाऱ्या वाऱ्यांचेच विराट रूप, ही खगोलशास्त्रज्ञ हॅलीच्या १६८६ च्या निबंधापासून चालत आलेली समजूत पुढे गाडगीळांनी खोडून काढली. पाऊस ओढ देतो त्या वर्षी जमीन उलट जास्तच तापते. नुसत्या तापण्याने पाऊस येत असता, तर दुष्काळात तो धो धो कोसळला असता!

दोन संस्थांतल्या माणसांनी एकच प्रश्न हाती घेतला, म्हणून हे घडले. सहकार्य म्हणायचे ते याला; सामंजस्य करारावरच्या सह्या त्यानंतरच्या. पुण्यात तर शिवाजीनगरची वेधशाळा, पाषाणची हीच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि गणेशखिंडीतले विद्यापीठ काही किलोमीटरच्या आत आहेत. हवामानाची संगणकीय प्रारूपे शिकणाऱ्याने एक पावसाळा अंदाज देणाऱ्यांच्या शेजारी बसून काढावा, आणि अंदाज देणाऱ्यांनी आपले न सुटलेले प्रश्न वर्गात आणावेत.

असे प्रश्न सह्याद्रीत पावलोपावली आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला माण-खटावात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. सहा किलोमीटरच्या चौकटींत देश पाहणारे प्रारूप आता भारताकडे आहे. पण घाटातल्या ढगात थेंब कसा वाढतो, हे महाबळेश्वरच्या प्रयोगशाळेत मोजावेच लागते. तिथे भौतिकशास्त्र, संगणक आणि भूगोल यांच्या विद्यार्थ्यांना एकत्र काम करावे लागेल.

शेतीलाही यात मानाची जागा हवी. कर्नाटकातल्या पावगडा भागात गाडगीळ आणि त्यांचे सहकारी भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसोबत बसले. पेरणी नेमकी कधी करावी, हा त्या शेतकऱ्यांचा प्रश्न संशोधनाचा विषय झाला. विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमात अशा बैठकांना श्रेयांक मिळावेत, ही माझी आग्रहाची मागणी आहे.